तीन अक्षरांतून हिब्रू

तेल अवीवच्या एखाद्या दुकानात सामान घेतले की हातात कागदाचा तुकडा पडतो आणि त्याच्या माथ्यावर बहुधा दोन शब्द छापलेले असतात: 'खेश्बोनित' आणि 'कबाला'. पहिला म्हणजे बिल, दुसरा म्हणजे पैसे पोचल्याची पावती. नव्याने हिब्रू शिकणारा मराठी माणूस दोन्ही शब्द वहीत उतरवतो, समोर अर्थ लिहितो आणि घोकायला लागतो. खरे तर या दोघांचे चुलतभाऊ त्याच्याच घरात कित्येक पिढ्यांपासून राहताहेत. 'खेश्बोनित'चे मूळ ख-श-ब. त्याचे अरबी भावंड ह-स-ब, आणि तेच फारसीच्या वाटेने मराठीत येऊन झाले 'हिशेब'. 'कबाला'चे मूळ क-ब-ल, म्हणजे घेणे, स्वीकारणे. त्याच मुळाचा अरबी 'कबूल' मराठीने असा काही आपलासा केला की कबुली, कबुलायत, कबूलनामा असे त्याचे अख्खे गोत इथे नांदू लागले.

एवढे समजले की 'कबाला' हा शब्द एकटा राहत नाही. 'लेकाबेल' म्हणजे मिळणे, घेणे. 'कबालात पानिम' म्हणजे स्वागत, शब्दशः चेहऱ्यांचा स्वीकार. कंत्राट घेतो तो 'कब्लान'. सरकारी कचेरीच्या दारावर 'शओत कबाला' लिहिलेले असते, ती लोकांना भेटण्याची वेळ. शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथाचे स्वागत करतात ती प्रार्थना 'कबालात शबात'. आणि ज्यू गूढविद्येला जे 'कबाला' म्हणतात तेही हेच: परंपरेने हाती आलेले, स्वीकारलेले ज्ञान. किराणा दुकानातली पावती आणि गूढविद्या यांचे नाव एकच, यात हिब्रू माणसाला काहीही गमतीचे वाटत नाही.

हिब्रूची बहुतेक क्रियापदे आणि नामे तीन व्यंजनांच्या मुळावर उभी असतात. या मुळाला 'शोरेश' म्हणतात. झाडाच्या मुळालाही हाच शब्द. व्यंजने जागच्या जागी राहतात, त्यांच्या आतले स्वर बदलतात, पुढे-मागे एखादे अक्षर चिकटते आणि नवा शब्द तयार होतो. हिब्रूच्या क्रियापदांमागे सर्वत्र तीन व्यंजने असतात, हा नियम दहाव्या शतकात यहुदा हय्यूज या वैयाकरणाने पक्का केला. फेज शहरात जन्मलेला हा विद्वान कोर्दोबाला स्थायिक झाला होता आणि अरबी व्याकरणाचा अभ्यास त्याच्या हाताशी होता.

मराठी वाचकाला हे अगदीच परके वाटू नये. 'कृ'पासून कर्ता, कार्य, कारण, क्रिया हे आपण शाळेत शिकलेलो असतो. त्याहून जवळचे उदाहरण रोजच्या बोलण्यात आहे: मर आणि मार, पड आणि पाड, तुट आणि तोड, फुट आणि फोड. व्यंजने बरीचशी तीच, आतला स्वर हलला आणि 'आपोआप झाले'चे 'कोणीतरी केले' झाले. मराठीत ही युक्ती थोड्या क्रियापदांपुरती आहे. हिब्रूत तिच्यावर भाषेचा कारभार चालतो.

यात लिपीची मोठी मदत होते. वर्तमानपत्रात, पाटीवर, बसच्या फलकावर हिब्रू लिहितात ती बहुतांश स्वरचिन्हांशिवाय. नवशिका याला वैतागतो. पण स्वर गाळल्यामुळेच कागदावर मूळ उघडे पडते, आणि तीन ओळखीची अक्षरे दिसली की न ऐकलेल्या शब्दाचाही अर्थ निम्मा लागतो. म्हणून मुळांचा अभ्यास ही पंडितांची चैन आहे, व्याकरण संपल्यावर निवांतपणे करायची, ही समजूत सोडून द्यावी. पहिल्या महिन्यापासूनच त्याचा उपयोग होतो.

सुरुवात क-त-ब या मुळापासून करावी, कारण ते सगळ्यांच्या वाट्याला येते. ('ख' हे अक्षर या लेखात जिथे येईल तिथे उर्दूभाषक 'खबर' म्हणताना घशातून काढतात तसे वाचावे.) 'कताव' म्हणजे त्याने लिहिले, 'कोतेव' म्हणजे लिहितो, 'लिख्तोव' म्हणजे लिहिणे. 'मिख्ताव' म्हणजे पत्र. 'क्तोवेत' म्हणजे पत्ता, कुठल्याही अर्जातला दुसरा-तिसरा रकाना. 'क्ताव' म्हणजे लिपी किंवा हस्ताक्षर, 'क्तिव' म्हणजे शुद्धलेखन, आणि शाळेत पोरांना छळणारी 'हख्तावा' म्हणजे श्रुतलेखन. वर्तमानपत्रातला लेख 'कतावा', तो लिहिणारा बातमीदार 'कताव'. म्हणजे 'लिहिले' आणि 'बातमीदार' आज बोलताना सारखेच ऐकू येतात, फरक संदर्भाने कळतो. ज्यू लग्नात वर-वधूचा जो करार वाचतात तो 'क्तुबा'. कोकणातल्या आणि मुंबईतल्या बेने इस्रायली घरांना तो शब्द नवा नाही. आणि किताब, मकतब, कातिब हे अरबीतून आलेले त्याचे भाऊबंद आपल्याकडे जुन्या कागदपत्रांत सापडतात.

वरच्या यादीत चाणाक्ष वाचकाला एक गोष्ट खटकली असेल. 'कोतेव'मध्ये क आहे तर 'मिख्ताव'मध्ये ख. 'क्तुबा'त ब आहे तर 'कोतेव'मध्ये व. हिब्रूत ही अक्षरे वेगळी नाहीत. एकाच अक्षराचे दोन उच्चार आहेत आणि शब्दातल्या जागेनुसार ते ठरतात. अशा तीन जोड्या: ब-व, क-ख, प-फ. 'सेफेर' म्हणजे पुस्तक, 'सिपुर' म्हणजे गोष्ट, 'मिस्पार' म्हणजे आकडा. फ आणि प एकच. कानावर विसंबून शिकणाऱ्याची सगळ्यात मोठी फसगत इथे होते, कारण त्याला एकाच मुळाची दोन मुळे वाटतात. नवा शब्द ऐकला की या तीन जोड्या मनात उलटसुलट करून पाहाव्यात. याहून सोपा उपाय नाही.

उलटा घोटाळाही असतो. जुन्या काळी वेगळे उच्चारले जाणारे काही वर्ण आजच्या बोलीत एकसारखे झाले आहेत. दोन 'त', दोन 'क', दोन 'ख' आणि जवळजवळ मुकी झालेली दोन अक्षरे, आलेफ आणि आयिन. ऐकताना एक वाटणारी मुळे लिहिताना वेगळी निघतात. म्हणून शब्द वहीत घेताना देवनागरीबरोबर हिब्रू अक्षरेही लिहावीत, वळण कितीही वेडेवाकडे आले तरी.

मुळांइतकेच महत्त्व साच्यांना आहे, आणि शिकवताना नेमके त्यांच्याकडे दुर्लक्ष होते. मूळ सांगते शब्द कशाबद्दल आहे. साचा सांगतो ती वस्तू आहे, जागा आहे, माणूस आहे की आजार. हिब्रूत या साच्याला 'मिश्काल' म्हणतात. मूळ पाठ करून साचा सोडला तर शिकणाऱ्याला फक्त एवढेच कळत राहते की वाक्यात लिहिण्याबद्दल काहीतरी चालले आहे.

साच्यांची ताकद पाहायची तर आजारांची नावे घ्यावीत. इस्रायलमध्ये वृद्धांच्या शुश्रूषेसाठी गेलेले हजारो भारतीय आहेत, त्यांना तर हे शब्द पहिल्या आठवड्यातच लागतात. साचा असा: पहिल्या व्यंजनावर अ, पुढच्या दोहोंवर ए, शेवटी त. 'त्साहोव' म्हणजे पिवळा. साच्यात घातला की 'त्साहेवेत', कावीळ. 'अदोम' म्हणजे लाल. 'अदेमेत' म्हणजे अंगावर तांबडे पुरळ उठवणारा रुबेला. 'केलेव' म्हणजे कुत्रा. 'कलेवेत' म्हणजे पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्याने होणारा रेबीज. 'नोझेल' म्हणजे पातळ, वाहते. 'नझेलेत' म्हणजे वाहते नाक, सर्दी. उर्दूतला 'नजला' याच मुळाच्या अरबी रूपातून आला. आणि 'सुकार' म्हणजे साखर, म्हणून 'सकेरेत' म्हणजे मधुमेह. यातला 'सुकार' मुळात हिब्रू नाहीच. संस्कृत 'शर्करा' इराणात गेली, तिथून अरबीत, आणि फिरत फिरत हिब्रूत पोचली. आपल्या 'साखरे'चे घराणे तेच. हिब्रूने त्या पाहुण्या शब्दातून स-क-र ही तीन व्यंजने काढून घेतली आणि त्यांना आजाराच्या साच्यात बसवले.

'दलेकेत'ची गोष्ट याहून लांबते. द-ल-क म्हणजे पेटणे, जळणे. शुक्रवारी सूर्यास्तापूर्वी दिवे लावतात ते 'लेहादलिक', आणि दिवा लावणे म्हटले की बेने इस्रायली आजीला हा शब्द आठवतोच, कारण तो त्या वेळच्या आशीर्वचनात आहे. 'द्लेका' म्हणजे आग. 'देलेक' म्हणजे इंधन. 'तखनात देलेक' म्हणजे पेट्रोल पंप. इंधन भरण्याच्या क्रियेला 'तिद्लुक'. आणि शरीरात कुठे दाह झाला, सूज आली, तर डॉक्टर म्हणतात 'दलेकेत'. मराठीतही दाह शब्दात आग आहेच. शब्बाथचा दिवा, पेट्रोल पंप आणि सुजलेला घसा, तिघांना एकाच पानावर लिहावे. एकदा असे लिहिले की ते विसरणे अवघड जाते.

व्यवसायाच्या साच्यात दोन्ही स्वर अ-कारी असतात आणि मधले व्यंजन पूर्वी दुप्पट जोराने म्हणत: 'तबाख' आचारी, 'सपार' न्हावी, 'खयात' शिंपी, 'नहाग' चालक. जागेच्या साच्यात बहुधा सुरुवातीला 'मि' किंवा 'म' येतो: 'मिस्पारा' केशकर्तनालय, 'मिख्बासा' कपडे धुण्याची लाँड्री, 'मित्बाख' स्वयंपाकघर, 'मआफिया' बेकरी. (शेवटच्या नावाने दचकू नये, तिथे पावच मिळतो.) उपकरणांनाही हेच 'म' लागते, स्वर थोडे वेगळे: 'मफ्तेआख' किल्ली, 'मख्शेव' संगणक, 'मसरेक' कंगवा. जागा आणि उपकरण यांच्यातली सीमा पक्की नाही. पण 'म'ने सुरू होणारा अनोळखी शब्द दिसला तर तो 'म' बाजूला काढून उरलेल्या तिघांकडे पाहण्याची सवय लावली की दहापैकी निदान सहा-सात वेळा वाट सापडते.

ही सगळी रचना आज इतकी जिवंत आहे याचे बरेचसे श्रेय एका हट्टी माणसाला जाते. एलिएझर बेन-यहुदा १८५८ साली आजच्या बेलारूसमधल्या लुझकी गावी जन्मला. १८८१ मध्ये तो जेरुसलेमला आला आणि शतकानुशतके प्रार्थनेपुरती, ग्रंथांपुरती उरलेली हिब्रू घरात बोलायची असे त्याने ठरवले. बायकोशी, मुलाशी, दुसरी भाषा नाहीच. पण बायबलच्या भाषेत टॉवेल, आइस्क्रीम, वर्तमानपत्र यांना शब्द कुठले असणार? त्याने आणि त्याच्या समकालीनांनी जुन्या मुळांतून ते घडवले. 'मिला' म्हणजे शब्द, त्यातून 'मिलोन' म्हणजे शब्दकोश. 'एत' म्हणजे काळ, त्यातून 'इतोन' म्हणजे वर्तमानपत्र. हिमाच्या जुन्या अरामी शब्दावरून 'ग्लिदा', आइस्क्रीम. पुसून कोरडे करण्याचे मूळ न-ग-ब, त्यावरून टॉवेल 'मगेवेत'. यातला न गळून पडला आहे, पण तो शेजारच्या शब्दात अजून उभा आहे: दक्षिण इस्रायलचे कोरडे वाळवंट, नेगेव. बेन-यहुदाचा मुलगा इतामार बेन-अवी यानेही ही परंपरा चालवली. मोटारीला 'मेखोनित' हे नाव त्याचे, 'मेखोना' म्हणजे यंत्र यावरून.

सगळेच शब्द चालले असे नाही. टोमॅटोसाठी येखिएल मिखेल पिनेस यांनी 'अगवानिया' सुचवला. त्याचे मूळ कामुकतेचे, कारण युरोपात टोमॅटोला 'प्रेमाचे सफरचंद' म्हणत. बेन-यहुदाला तो शब्द मुळीच रुचला नाही. अरबीतून घेतलेला 'बदुरा' त्याने पुढे केला. लोकांनी 'अगवानिया' उचलला आणि आज भाजी बाजारात तोच ऐकू येतो. कोशकाराच्या सोवळ्यापेक्षा बाजार मोठा.

विजेचा शब्द याहून नवलाचा. संदेष्टा यहेज्केल याच्या पुस्तकात पहिल्याच अध्यायात दिव्य दृष्टान्ताचे वर्णन आहे, त्यात अग्नीच्या मध्यभागी 'खश्माल'सारखे काहीतरी झळकते. हा पदार्थ नेमका कोणता, हे कोणालाच माहीत नाही. प्राचीन ग्रीक भाषांतरकारांनी तिथे 'एलेक्त्रोन' हा शब्द घातला. युरोपीय भाषांतला विजेचा शब्दही त्याच ग्रीक शब्दातून निघाला. एकोणिसाव्या शतकात कवी यहुदा लेब गॉर्डन यांनी हा धागा पकडून विजेला 'खश्माल' म्हटले. आज विजेचे बिल, वायरमन 'खश्मलाय', विद्युतीकरण, सगळे या शब्दावर चालते. याचे तीन अक्षरी मूळ शोधू नये, ते चार अक्षरांचे आहे आणि सरळ पाठ करावे.

मराठी शिकाऊला एक जास्तीची शिदोरी मिळालेली आहे. शिवकालाच्या आधीपासून पेशवाईपर्यंत दफ्तरी मराठीत फारसीच्या द्वारे शेकडो अरबी शब्द आले, आणि अरबी ही हिब्रूची सख्खी बहीण. 'मुक्काम' आणि हिब्रू 'माकोम' म्हणजे जागा, दोघांचे मूळ क-व-म, उभे राहणे. 'मुलूख' आणि 'मेलेख' म्हणजे राजा. राजवाड्यातला 'मुदपाकखाना' अरबी 'मत्बख'वरून आला, तेच हिब्रू 'मित्बाख'. गड 'फत्ते' झाला म्हणताना आपण जे मूळ वापरतो, अरबी फ-त-ह म्हणजे उघडणे, जिंकणे, त्याचाच हिब्रू भाऊ किल्लीत बसला आहे: 'मफ्तेआख'. दुकानाच्या दारावरची 'पतुआख' ही पाटी म्हणजे 'उघडे आहे'. 'पितुआख' म्हणजे विकास. डबा उघडायचे हत्यार 'पोत्खान'. 'साकी' ज्या मुळातून आला, पाणी पाजणे, त्यातूनच हिब्रू 'मश्के' म्हणजे पेय आणि 'हश्काया' म्हणजे शेताला पाणी देणे. ठिबक सिंचनाच्या निमित्ताने इस्रायलला जाणाऱ्या नाशिक-जळगावच्या शेतकऱ्याने 'हश्काया'बरोबर 'तिपा' म्हणजे थेंब आणि 'तिफ्तुफ' म्हणजे ठिबकही टिपून ठेवावेत.

हे साम्य नुसते कुतूहल म्हणून पाहण्यापेक्षा त्याचे दोन नियम लक्षात घ्यावेत. पहिला: अरबीतला 'स' बऱ्याचदा हिब्रूत 'श' होतो. सलामचे शालोम, हिशेबचे खेश्बोन. दुसरा: अरबीतला दीर्घ 'आ' बऱ्याचदा हिब्रूत 'ओ' होतो. कातिबचे कोतेव, सलामचे शालोम, मुकामचे माकोम. आपल्या सातबाऱ्यावरचा 'वारस' या दोन नियमांतून गेला, आणि सुरुवातीच्या व चा य झाला, की हिब्रू 'योरेश' होतो; अर्थ तोच, वारस. नियम सर्वत्र लागत नाहीत. मराठी शब्दाला हे नियम लावून हिब्रू शब्द तयार करू नये. कोशात सापडलेल्या हिब्रू शब्दाची मराठी ओळख पटवण्यासाठी ते वापरावेत.

बेने इस्रायली घरात वाढलेल्यांकडे तर प्रार्थनेतून आलेले शब्द आधीच आहेत, फक्त ते रस्त्यावर आणायचे आहेत. कोकणात या समाजाला 'शनिवार तेली' म्हणत, कारण घाणा चालवणारे हे लोक शनिवारी काम बंद ठेवत. 'शबात'चे मूळ श-ब-त म्हणजे थांबणे, आणि आजच्या इस्रायली बातम्यांत त्याच मुळाचा 'श्विता' हा शब्द सतत येतो: संप. मुंबईतले १७९६ सालचे प्रार्थनालय 'शआर हाराखामिम' म्हणजे दयेचे द्वार; 'राखामिम' आणि 'रहीम' यांचे मूळ एक. मुंबई-अलिबागच्या प्रार्थनालयांच्या नावात येणारा 'मागेन' म्हणजे ढाल, ग-न-न म्हणजे रक्षण. त्यातूनच 'हगाना' म्हणजे संरक्षण आणि 'गान' म्हणजे कुंपण घातलेली बाग, जिथे लहान मुले 'गान येलादिम' म्हणजे बालवाडीला जातात. या समाजासाठी मराठीतून हिब्रू व्याकरण लिहिण्याचे काम मिशनरी जॉन विल्सन यांनी १८३२ मध्येच केले होते, म्हणजे मराठीतून हिब्रू शिकणे ही काही आजची कल्पना नव्हे.

आता सापळे. मुळांची गोडी लागली की शिकणाऱ्याला सगळीकडे नाती दिसायला लागतात. 'सेफेर' पुस्तक, 'मिस्पार' आकडा, 'सिपुर' गोष्ट, 'सिफ्रिया' ग्रंथालय, हे ठीक. मोजणे आणि सांगणे यांचा संबंध लागतो. पण 'सपार' न्हावी, 'तिस्पोरेत' केस कापणे, 'मिस्परायिम' कात्री? अक्षरे तीच, पण न्हाव्याला कथाकाराशी जोडण्याचा खटाटोप नको; वहीत दोन वेगळी पाने करावीत. आयिन-र-ब हे त्याहून बेरकी: 'एरेव' संध्याकाळ आणि 'मआराव' पश्चिम एका घरचे, सूर्य मावळण्याचे, 'तआरोवेत' म्हणजे मिश्रण दुसऱ्या घरचे, 'ओरेव' म्हणजे कावळा याचा दोघांशी संबंध असलाच तर लांबचा. एका मुळात दोन-तीन मुळे विलीन होणे हिब्रूत नेहमीचे आहे. पुस्तकात वाचलेला प्रत्येक चमकदार संबंध खरा मानू नये, विशेषतः तो फार सुंदर असेल तर.

काही मुळे दुबळी असतात. न, य आणि ह ही व्यंजने अडचणीच्या जागी गळतात किंवा बदलतात. 'मगेवेत'मधला न आपण पाहिलाच. चढणे या मुळाचा शेवटचा ह असाच ये-जा करतो, पण कुटुंब कामाचे आहे: 'मआलित' लिफ्ट, 'अलिया' म्हणजे इस्रायलमध्ये स्थायिक होण्यासाठी येणे, कारण या भूमीकडे येणे म्हणजे वर चढणे, आणि बाजारात भाव विचारताना 'कामा झे ओले?', म्हणजे हे कितीपर्यंत चढते?

आणखी एक उडी: 'हित' हा उपसर्ग लागला की क्रिया स्वतःवर किंवा परस्परांवर येते. 'लेहित्काते‌व' म्हणजे पत्रव्यवहार करणे, 'लेहित्लाबेश' कपडे घालणे, निरोपाचे 'लेहित्राओत' म्हणजे पुन्हा एकमेकांना पाहणे. पण मुळाचे पहिले अक्षर स, श किंवा त्स असेल तर ते 'त'च्या आधी उडी मारते. केस कापून घेणे 'लेहित्सापेर' होत नाही, 'लेहिस्तापेर' होते. हे माहीत नसलेला माणूस कोशात स-त-प-र शोधत बसतो.

वहीची पद्धत साधी ठेवावी. प्रत्येक मुळाला एक पान, वर तीन अक्षरे, खाली मुळाचा ढोबळ अर्थ. त्या पानावर फक्त तेच शब्द लिहावेत जे पाटीवर, बातमीत, पाककृतीत किंवा कोणाच्या तोंडी प्रत्यक्ष भेटले. कोशातून वीस शब्द एकदम उतरवून पान भरण्याचा मोह होतो; ते पान नंतर कोणी उघडत नाही. प्रत्येक शब्दाबरोबर तो जिथे भेटला ते अख्खे वाक्य लिहावे, कारण मूळ अर्थ सांगते पण वापर सांगत नाही: 'खशुव' म्हणजे महत्त्वाचा आणि 'मख्शावा' म्हणजे विचार, हे दोन्ही 'हिशेबा'च्याच पानावर येतात, तरी एकाच्या जागी दुसरा चालत नाही. वहीच्या मागच्या बाजूने साच्यांची पाने सुरू करावीत. तिथे आजार, कारागीर, जागा, उपकरणे.

क्रियापदांची सात घराणी, ज्यांना 'बिन्यान' म्हणतात, ती एकदम गिळू नयेत. नवस्थलांतरितांसाठी १९४९ मध्ये जेरुसलेमला पहिला 'उल्पान' वर्ग सुरू झाला. तिथे आजही बोलण्यापासून सुरुवात होते, तक्ते मागून येतात. घरी शिकणाऱ्याला 'पेआलिम' या संकेतस्थळावर कुठल्याही मुळाची सगळी रूपे उच्चारासकट मिळतात. मूळ टाकून शोध घेता येतो, हे त्याचे मोठे सुख. आणि बसला 'ओतोबुस', साबणाला 'साबोन' असे बाहेरून आलेले शब्द भेटले तर त्यांचे मूळ शोधत वेळ घालवू नये. मात्र हेच परके शब्द क्रियापद व्हायला निघाले की हिब्रू त्यांनाही मुळाच्या शिस्तीत आणते: 'लेतल्फेन' फोन करणे, 'लेसमेस' एसएमएस पाठवणे, 'लेगागेल' गूगलवर शोधणे.

सरावासाठी त्स-ल-म घ्यावे. 'त्सेलेम' म्हणजे प्रतिमा. कारागिराच्या साच्यात घाला: 'त्सलाम', छायाचित्रकार. उपकरणाच्या: 'मत्सलेमा', कॅमेरा. 'हित' लावून, उडीचा नियम सांभाळून: 'लेहित्स्तालेम', स्वतःचा फोटो काढून घेणे. झेरॉक्सच्या दुकानावर 'त्सिलुम' लिहिलेले दिसेल. आणि लष्करी तळाच्या कुंपणावर 'असुर लेत्सालेम' अशी पाटी असेल. तिथल्या 'असुर'चा पुराणांशी संबंध नाही. त्याचा अर्थ मनाई, आणि बांधणे या त्याच मुळापासून 'असिर' म्हणजे कैदी हा शब्द होतो. दोन्ही अर्थ ध्यानात घेऊन कॅमेरा पिशवीत ठेवावा.